भीमजयंतीच्या मांडवातील गाणे

संगीताचा उत्सव म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव येतो. तो डिसेंबरात असतो. गारठ्यात शाल पांघरून पहाटेपर्यंत गाणे ऐकावे, ही कल्पना पुस्तकांतून आणि वर्तमानपत्रांतून आपल्यापर्यंत पोचलेली आहे. उन्हाळा हा गाण्याचा ऋतू नव्हे, असा एक समजही त्यातूनच झाला असावा. मराठवाड्यातील खेड्यांत मात्र गोष्ट उलटी आहे. येथे १४ एप्रिलपासून वैशाख पौर्णिमेपर्यंत, म्हणजे बुद्धजयंतीपर्यंत, एकाआड एक गावी मांडव पडतो, पेटी-ढोलक येते आणि माणसे रात्र रात्र गाणे ऐकतात. त्याला कोणी महोत्सव म्हणत नाही. ‘जयंती’ एवढेच म्हणतात. पण श्रोत्यांची संख्या, कलावंतांची संख्या आणि परंपरेचे वय, यांपैकी कोणतेही माप लावले तरी हा एक मोठा उन्हाळी संगीत महोत्सवच ठरतो. फरक इतकाच, की तो एका जागी भरत नाही, गावोगाव विखुरलेला असतो. प्रस्तुत लेखात या गाण्याचा विचार मी आमच्या कुरुंद्याच्या (ता. वसमत, जि. हिंगोली) अनुभवावरून आणि जे थोडे वाचायला मिळाले त्यावरून करणार आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म १४ एप्रिल १८९१ चा, महू येथील. तेव्हा जयंती एप्रिलमध्येच येणार, हे उघड आहे. परंतु ती खेड्यात एवढी रुजली याला खेड्याचे वेळापत्रकही कारण आहे, असे मला वाटते. आमच्याकडे सालगड्याचे साल पाडव्याला फिटते. जुना हिशोब संपतो, नवा बोलला जातो, आणि मधल्या चार दिवसांत माणूस कोणाचाच बांधलेला नसतो. ऊसतोडीला गेलेली माणसे याच सुमारास परत येतात. वसमत भागात हळद काढून, शिजवून, वाळत घातलेली असते. वर्षात हाती थोडा पैसा आणि थोडी मोकळीक असण्याचे दिवस कोणते, असे मजुराला विचारले तर तो हेच दिवस सांगेल. मुंबई-पुण्याला कामाला गेलेली पोरेही दिवाळीपेक्षा जयंतीला गावी येणे पसंत करतात. वर्गणी त्यामुळे जमते. आणि सगळ्या गावांना एकाच दिवशी गायक मिळणे शक्य नसल्याने तारखा वाटून घेतल्या जातात. कोणाची जयंती चौदाला, कोणाची वीसला, कोणाची मे उजाडल्यावर. पाव्हण्यारावळ्यांना एकमेकांच्या गावी जाता येते, हा त्यातला आणखी एक फायदा.

जयंती सार्वजनिकरीत्या साजरी करण्याची सुरुवात जनार्दन सदाशिव रणपिसे यांनी पुण्यात १४ एप्रिल १९२८ रोजी केली असे सांगितले जाते. म्हणजे महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहानंतर अवघ्या वर्षाने. गाणे मात्र त्याहून जुन्या खोडाला फुटलेले आहे. महात्मा जोतीराव फुल्यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापन केला. पुढे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत सत्यशोधक जलसे गावोगाव फिरू लागले. जलसा हा तमाशाचाच सांगाडा. तमाशात गण, गवळण, बतावणी, वग असा क्रम असतो. जलसेकारांनी हा क्रम पूर्ण मोडला नाही, आतला माल बदलला. विनोदी बतावणीत गावचा सावकार आला, वगाच्या जागी शिक्षणाचे किंवा कर्जबाजारीपणाचे कथानक आले. १९३० च्या दशकात नाशिककडे भीमराव कर्डक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच सांगाडा आंबेडकरी चळवळीसाठी उचलला. गणपतीच्या गणाऐवजी बाबासाहेबांना वंदन होऊ लागले, गवळण बहुतेक गळाली. ज्या काळी श्रोत्यांपैकी फारच थोड्यांना अक्षर येत होते, त्या काळी काळाराम मंदिराचा सत्याग्रह कशासाठी आहे, पुणे करारात काय झाले, हे वस्तीतल्या माणसाला वर्तमानपत्राने नव्हे, जलशाने सांगितले. भीमराव कर्डकांनी पुढे १९७८ साली या जलशांवर पुस्तकही लिहिले. कलावंतानेच आपल्या कलेचा इतिहास लिहिण्याची उदाहरणे आपल्याकडे फार नाहीत.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धर्मांतर झाले आणि ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. यानंतरच्या काळात जलसा मागे पडून गायनपार्टी पुढे आली. याचे एक कारण पैशाचे आहे. जलशाला सोंगे, पात्रे, सामान आणि पंधरा-वीस माणसे लागतात. गायनपार्टीला एक गायक, पेटी, ढोलक, बेंजो आणि टाळ्या देणारा चारसहा जणांचा कोरस पुरतो. एवढी माणसे एस.टी.ने जाऊ शकतात. दुसरे कारण त्या काळातील कव्वालीची लोकप्रियता. पुरुष गायक विरुद्ध स्त्री गायिका असा सवाल-जवाबाचा मुकाबला ठेवला की पंचक्रोशी लोटत असे, ही आठवण आमच्याकडे साठी ओलांडलेला कोणीही माणूस सांगतो. मराठवाड्यात कव्वाली अधिकच मुरली. हा भाग १९४८ च्या १७ सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यात होता, उर्दू कचेरीत होती आणि बाजारातही, दर्ग्यांच्या उरुसात कव्वाली सर्वांच्याच कानावर पडत होती. म्हणून आमच्याकडचा गायक आजही मुखड्याआधी एखादा शेर फेकतो, तो कधी उर्दू, कधी मराठी, तर कधी दोन्हींची खिचडी असते. बुद्धाच्या धम्माचे गाणे दर्ग्याच्या चालीवर आणि तमाशाच्या ढोलकीवर चालते, यात श्रोत्यांना काही वावगे वाटत नाही. मलाही वाटत नाही.

आता प्रत्यक्ष कार्यक्रमाकडे येऊ. दुपारी ऊन चाळीस अंशांच्या वर असते, त्यामुळे खरी जयंती दिवस मावळल्यावरच सुरू होते. सकाळी पंचशील ध्वजारोहण आणि वंदना, संध्याकाळी मिरवणूक, मग जेवणे, आणि त्यानंतर गाणे, असा क्रम. बाया आपापल्या पटकुरांसह आधी येऊन समोरची जागा धरतात. पोरे मांडवाच्या बल्लीला टेकून उभी राहतात. साउंडवाला ‘हॅलो, माईक टेस्टिंग’ म्हणत असताना म्हातारी माणसे वळकटी पसरून आडवी होतात, पण ती झोपलेली नसतात, हे गायकाला ठाऊक असते.

गाण्याचा क्रम वरवर पाहता मोकळा वाटतो, पण दोनतीन वर्षे लक्ष देऊन ऐकले तर त्यात एक शिस्त दिसते. पहिले गाणे बुद्धाचे, संथ लयीत. दुसरे बाबासाहेबांचे. त्यानंतर चरित्र सुरू होते: शाळेबाहेर बसलेला भीवा, परदेशातील शिक्षण, महाडचे पाणी, राज्यघटना, नागपूर. ज्याला ओळीने पाच गाणी ऐकता आली त्याला बाबासाहेबांचे चरित्र ओळीने कळते. बरोबर बारा वाजता, म्हणजे तारीख बदलताना, चौदाची जयंती असेल तर, पाळणा होतो. हा पाळणा बाया म्हणतात, गायक फक्त पेटी धरतो. मग सामाजिक गाणी येतात. दारू, हुंडा, पोरांचे शिक्षण, पुढाऱ्यांची फाटाफूट. या भागात गायक गावकऱ्यांना नाव न घेता टोमणे मारतो आणि ज्याला लागायचा त्याला तो लागतो. बतावणी मेली असे म्हणतात. माझ्या मते ती येथे लपून बसली आहे. उत्तररात्री रमाईची गाणी आणि सहा डिसेंबरची गाणी. साहित्यशास्त्राच्या तासाला आपण शिकलो, की काही रस परस्परांना बाधक ठरू शकतात. आमच्या गायकाने ते शास्त्र वाचलेले नाही, पण वीररस बाराच्या आधी आणि करुण रस दोनच्या नंतर, हा हिशोब त्याने श्रोत्यांच्या चेहऱ्यांवरून शिकलेला आहे.

या गाण्यावर शिकलेली माणसे एक आक्षेप घेतात, तो चालीबद्दल. चाली उसन्या असतात, सिनेमाच्या असतात, मग यात कला कोणती? आक्षेप खरा आहे. कित्येक गाणी हिंदी चित्रपटगीतांच्या चालींवर बांधलेली असतात. पण चाल ओळखीची असली म्हणजे श्रोत्याचे सगळे लक्ष शब्दाकडे राहते, ही गोष्टही पाहिली पाहिजे. गाणे पहिल्यांदाच ऐकत असूनही कोरसबरोबर मांडव दुसऱ्याच कडव्याला टाळी धरतो, तो चाल माहीत असते म्हणून. कीर्तनकार आणि तमासगीर यांनीही हेच केले, त्यांना आपण चोर म्हणत नाही. मात्र एवढे कबूल केले पाहिजे की, अलीकडे पुष्कळ ठिकाणी चालीबरोबर सिनेमातील उथळपणाही येतो, शब्द भरल्यासारखे भरले जातात आणि बाबासाहेबांचे नाव यमकापुरते उरते. असली गाणी मांडवात उचलली जातात पण पुढच्या वर्षी कोणी मागत नाही. फर्माईश जुन्याचीच येते.

आणि फर्माईशीत सर्वांत जास्त नाव येते ते वामनदादा कर्डकांचे. वामनदादांचा जन्म १५ ऑगस्ट १९२२ चा, सिन्नर तालुक्यातील देशवंडीचा. घरची गरिबी, शाळा नाही. मुंबईत मजुरी करीत असताना मोठेपणी ते अक्षर शिकले, दुकानांच्या पाट्या वाचून वाचन पक्के केले. पहिले गाणे त्यांनी १९४३ साली रचले, तेही एका हिंदी चित्रपटगीताचे विडंबन होते. पुढे साठ वर्षे हा माणूस खांद्याला पिशवी लावून महाराष्ट्रभर हिंडला आणि हजारो गाणी लिहून गेला. १५ मे २००४ रोजी नाशिकला त्यांचे निधन झाले. त्यांचे आत्मचरित्र ‘माझ्या जीवनाचं गाणं’ या नावाने आहे. वामनदादांच्या भाषेत अवघड शब्द जवळजवळ नाही. शेत, भाकर, वाट, काठी, पाणी, एवढ्या सामग्रीवर ते समतेसारखा अमूर्त विचार उभा करतात. जो माणूस विशीपर्यंत निरक्षर होता त्याला निरक्षर श्रोत्याला काय कळते हे नेमके माहीत असणार.

लोकसाहित्याच्या तासाला ओवी, भारूड, पोवाडा, लावणी यांचा विचार आपण करतो. भीमगीत यात कोठे बसते, हा प्रश्न मला अभ्यासाच्या दृष्टीने महत्त्वाचा वाटतो. लोकगीताला कर्ता नसतो, असे म्हणतात. वामनदादांच्या गाण्याच्या शेवटच्या कडव्यात ‘वामन’ अशी नाममुद्रा असते, संतांच्या अभंगात असते तशीच. तेव्हा ते लोकगीत नव्हे. पण तेच गाणे चार गावे फिरून आले की मुद्रा बदललेली असते, मधले कडवे गळालेले असते, आमच्या बोलीतला एखादा शब्द आत शिरलेला असतो. एकच गाणे मी तीन गायकांकडून तीन नावांनी ऐकले आहे. यात सगळीच चोरी नसते. काहींना खरोखरच कर्ता माहीत नसतो. कर्ता असलेले गाणे लोकगीत होण्याच्या वाटेवर असताना आपल्याला पाहायला मिळत आहे, असे म्हणावयास हरकत नाही. पोवाड्याचे आणि अभंगांचे असे काय काय झाले असेल याचा आज फक्त तर्क करता येतो. येथे ते डोळ्यांदेखत चालू आहे आणि त्यासाठी ग्रंथालयातही जावे लागत नाही.

बायकांचे गाणे ही याच्या आधीची पायरी आहे. माझी आजी मांडवात कधी माईकवर गायली नाही, पण जात्यावर बाबासाहेबांच्या ओव्या म्हणायची. अशा ओव्या महाराष्ट्रभर होत्या. हेमा राईरकर आणि गी प्वातवां यांनी जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, त्यांत भीमरायाच्या आणि रमाईच्या ओव्याही आहेत. आमच्या मराठवाड्यातील माजलगावच्या भीमनगरातील बायांनी गायलेल्या ओव्या त्यांनी १९९६ साली ध्वनिमुद्रित केल्या. ओवीत बाबासाहेब भाऊ म्हणून येतात, बाप म्हणून येतात, माहेरचा मुराळी म्हणून येतात. पुरुषांच्या गाण्यातले बाबासाहेब कोट घालून बोट वर करून उभे असतात, बायांच्या ओवीतले घरात येऊन जेवायला बसतात. रमाईच्या गाण्यात हे दोन्ही प्रवाह एकत्र होतात. रमाई २७ मे १९३५ रोजी गेल्या. नवरा शिकायला परदेशी, घरात तंगी, लेकरे दगावलेली. हे गाणे लागले की समोरच्या रांगेतल्या बाया पदर डोळ्याला लावतात, त्या सगळ्याच रमाईसाठी रडत असतात असे मला वाटत नाही. आज एकतारीवर गाणाऱ्या कडुबाई खरात यांचे गाणे मोबाईलवरून घराघरात पोचले, त्याचेही कारण हेच असावे. त्या गाताना जात्याजवळ बसल्यासारख्या वाटतात.

मराठवाड्यातील भीमगीताला आणखी एक काम करावे लागले, ते स्मरणाचे. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी २७ जुलै १९७८ रोजी केला, आणि त्यापाठोपाठ परभणी-नांदेड भागासह मराठवाड्यातील खेड्यांत वस्त्या जळाल्या, माणसे मारली गेली. टेंभुर्णीचे पोचीराम कांबळे त्यांतलेच. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडला. तेव्हा हिंगोली जिल्हाच नव्हता, तो परभणीतून १ मे १९९९ रोजी झाला. या सोळा वर्षांचा वृत्तान्त आमच्या पिढीने वाचला तो फार थोडा. ऐकला तो गाण्यांतून. गायक नामांतराचे गाणे धरतो तेव्हा मांडवात टाळी पडत नाही. माझ्या वयाच्या पोरापोरींना त्या गप्पपणावरूनच कळते की समोर बसलेल्यांपैकी कोणाकोणाला हे पाहिलेले आहे.

एवढे सगळे असूनही गायनपार्टी आज अडचणीत आहे. १९८० नंतर स्वस्त कॅसेटी आल्या, प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांचे आवाज घरोघर पोचले. याने गायकाचा तोटा झाला असे नाही, उलट नवी गाणी गावात आली. खरा धक्का डीजेने दिला. मिरवणुकीपुरता आलेला डीजे हळूहळू रात्रीचे गाणेही खाऊ लागला. दुसरी गोष्ट कायद्याची आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद ठेवावा लागतो. राज्य शासनाला वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देता येते. नियम चांगलाच आहे, परीक्षेच्या दिवसांत तर तो हवाच. पण ज्या कार्यक्रमाची रचनाच रात्रभराची आहे त्याचा उत्तरार्ध यामुळे कापला जातो. चरित्र होते, सहा डिसेंबर राहून जातो. गायकही आता पहिल्या तासातच करुण गाणी उरकतात आणि ती लागत नाहीत.

यंदा आमच्याकडे जयंतीच्या बैठकीत हाच वाद झाला. तरुणांचे म्हणणे, वर्गणी आम्ही जमवतो, पुण्याहून आलेल्या पोरांना नाचायचे असते, डीजे पाहिजे. वडीलधाऱ्यांचे म्हणणे, डीजेच्या एका दिवसाच्या भाड्यात पार्टीच्या तीन रात्री होतात. तरुणांची बाजू अगदीच चूक नाही. वर्षभर दुसऱ्याच्या शेतात किंवा कंपनीत मान खाली घालून राबणाऱ्या पोराला गावच्या मुख्य रस्त्यावरून मोठ्या आवाजात नाचत जावेसे वाटते, त्यात नुसता धिंगाणा पाहणे बरोबर नाही. एक काळ असा होता की त्या रस्त्याने त्याच्या पणज्याला वाजवत जाता येत नव्हते. शेवटी मिरवणुकीला डीजे आणि विहारासमोर गायनपार्टी अशी तडजोड झाली. पार्टीला बाराशे रुपये इसार दिला गेला तो दोन मावश्यांनी बचतगटाच्या पैशातून.

त्या पार्टीचे पेटीमास्तर सत्तरीचे आहेत. त्यांच्याजवळ लाल बांधणीची एक जाड वही आहे, तिच्यात शंभरावर गाणी त्यांच्या हातची लिहिलेली आहेत. बरीचशी छापलेल्या पुस्तकांत मिळणार नाहीत, कारण ती त्यांनी आणि शेजारच्या गावांतील कवींनी रचलेली आहेत. मी वही उतरून घेऊ का, असे विचारले तेव्हा ते म्हणाले, “घे की माय. पण चाल कशी लिहिशील? ती तर वहीत न्हाई.” हा प्रश्न रास्त होता. मी उपाय काढला तो असा: प्रत्येक गाण्याच्या वर, कोणत्या गाण्याच्या चालीवर ते आहे हे त्यांना विचारून लिहायचे, मुखडा त्यांच्याकडून मोबाईलवर म्हणवून घ्यायचा, आणि कर्त्याचे नाव, गाव व साधारण साल टिपायचे. आतापर्यंत एकेचाळीस गाणी झाली आहेत. त्यांपैकी सव्वीस गाण्यांचा कर्ता मास्तरांना माहीत आहे, नऊंचा आठवत नाही आणि सहांबद्दल त्यांचे व त्यांच्या ढोलकवाल्याचे एकमत होत नाही. ज्या मित्रमैत्रिणींच्या गावी अशा वह्या असतील त्यांनी मला मराठी विभागात भेटावे. त्या सहा गाण्यांपैकी एखादे तुमच्याकडच्या वहीत वेगळ्या मुद्रेने असण्याचा पुष्कळ संभव आहे.